हेवीच्या स्प्रिंगा

आमच्या गाडीत मागच्या सीटवर मी एकटीच बसायची, कारण बाकीच्यांना आपापल्या कमरेची काळजी होती. गाडी जुनी. मागचे शॉकअप गळून गेलेले आणि स्प्रिंगा बसलेल्या. खड्डा आला की आधी खालून ‘खण्ण’ असा आवाज यायचा, मग माझ्या तोंडून एक शब्द निघायचा (तो इथे लिहिण्यासारखा नाही) आणि मग पुढे बसलेला आमचा म्हातारा मागे वळूनही न बघता म्हणायचा, “काय न्हाय, बारका होता.”

भिवंडीत बारका खड्डा असतो असं म्हणणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि त्याच्याशीच माझं लग्न झालं.

म्हाताऱ्याने जन्मभर टेम्पो चालवला. निजामपुऱ्यातून कापडाचे तागे भरायचे आणि सांगतील तिथे नेऊन टाकायचे. टेम्पो विकून जमाना झाला, पण अंगातला ड्रायव्हर उतरलेला नाही. अजूनही कुणाच्या दारात नवी गाडी आली की हा आधी खाली वाकून टायर बघतो, मग मालकाला नमस्कार करतो. त्याच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत, हेवी आणि फालतू. कुकर घ्यायचा तर हेवी, चपला घ्यायच्या तर हेवी. मला बघायला आला होता तेव्हा बाहेर पडल्यावर त्याच्या बापाने विचारलं, पोरगी कशी वाटली? हा म्हणाला, “हेवी हाय.” बापाला वाटलं पोराला पसंत नाही. दोन दिवस आमच्याकडे निरोपच आला नाही.

आता माझं सांगते. मी चौथी पास. पण लग्नातले धवळे मला सगळे तोंडपाठ. आमच्या आगरी लग्नात भटजी असतो तशी धवळे गाणारी बाईही असते, तिला धवलारीण म्हणतात. हळदीला ती चटईवर बसते, एक ओळ म्हणते, आणि भोवतीच्या बाया तीच ओळ जशीच्या तशी उचलतात. तिने म्हटलं तेच बरोबर. तिला मध्येच कुणी अडवत नाही, की ‘असं नसतं’ म्हणत नाही. (घरात माझी अशी सोय कधीच झाली नाही, म्हणून मला ती चटई फार आवडते.)

ती चटई हातची जायची वेळ आली होती. माझी धाकटी जाऊ बेबी. राहते पूर्ण्याला. तिने अलीकडे धवळे म्हणायला सुरुवात केली होती. पाठ एकही नाही, सगळे मोबाइलमध्ये लिहून घेतलेले, तेही माझेच ऐकून. आणि वर माइक मागायची. आवाज मात्र गोड. ते लपवून उपयोग नाही, साऱ्या तालुक्याने ऐकलाय.

अशात माझ्या नातीची, म्हणजे लेकीच्या पूजाची, हळद ठरली. लेक शैला दिली आहे खाडीकडच्या गावात. तिचा फोन आला. म्हणाली, “आई, सासूबाय बोलल्यात, दिवेलागणीला हळद लावायला घेणार. तू टायमावर आलीस तर तूच. न्हाय तर बेबीकाकी हायेतच.”

त्यातलं ‘हायेतच’ मला झोंबलं. माझ्या सख्ख्या नातीची हळद, आणि तिथे बेबी मोबाइल उघडून बसणार? त्या मांडवातून माझी चटई एकदा गेली की सगळ्या गावांतून गेली. पुढच्या लग्नापासून मला पंगतीत बसवून बुंदी वाढली असती आणि विचारलं असतं, आजी, तब्येत कशी आहे?

मी घरात जाहीर केलं, की मी वेळेच्या आधी पोचणार, पण या गाडीने नाही. या गाडीतून उतरल्यावर मला सरळ व्हायला बराच वेळ लागतो. वाकलेल्या बाईला लोक पाणी देतात, चटई देत नाहीत.

माझा मुलगा संतोष गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. शांत स्वभावाचा. त्याने गॅरेजवाल्याला फोन केला. लग्नाचा सीझन. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात आणा. संतोषने फोन ठेवला आणि मी भाकरी थापता थापता, काही विचार न करता, बोलून गेले, “जन्मभर टेम्पो चालवला म्हनं. दोन स्प्रिंगा बदलाय येत न्हाईत.”

म्हाताऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. तो कप खाली ठेवतो तेव्हा घरात काहीतरी मोडतं, हा माझा अनुभव आहे.

“रविवारी बदलतो,” तो म्हणाला. “दुपारच्या जेवणाआधी गाडी तयार.”

रविवारीच हळद होती. पण संतोषची सुट्टीही रविवारचीच. त्याने बापाला समजावलं की हे टेम्पोचे पाटे नव्हेत, कारच्या गोल स्प्रिंगा असतात, शॉकअपही गॅसचे येतात. म्हातारा म्हणाला, “लोखंड ते लोखंड.” आणि दोघे सामान आणायला गेले.

दुकानात काय घडलं ते मला नंतर कळलं. दुकानदाराने विचारलं, साधी स्प्रिंग देऊ की हेवी? आता, हेवी स्प्रिंग असते ती ज्या गाडीच्या डिकीत गॅसची जड टाकी असते तिच्यासाठी. आमच्या गाडीच्या डिकीत एक छत्री असते. पण ‘हेवी’ हा शब्द कानावर पडल्यावर म्हाताऱ्याला पुढचं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. दुकानदाराने दुसऱ्यांदा विचारलं, नक्की हेवीच ना? तर हा त्याच्यावर रागावला. ड्रायव्हरला काय विचारतो?

रविवारी सकाळी काम सुरू झालं. आमच्या दारातली जागा उताराची, म्हणून गाडी सपाटीला, म्हणजे गल्लीच्या बरोबर मध्ये लावली. आम्ही नारपोलीत राहतो. गल्लीत आमच्या पुढे अन्वरभाईंचा लूमचा कारखाना आहे आणि त्याच्या पुढे भिंत आहे. म्हणजे आमची गाडी मध्ये उभी राहिली की अन्वरभाई आत कोंडले जातात. हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

जॅक लावला, मागून गाडी उचलली, खाली लाकडाचे जाड ठोकळे सरकवले, चाकं काढली. मी ओटीवर बसून सूचना देत होते. त्या कुणी ऐकत नव्हतं. पहिला बोल्ट इतका गंजलेला, की पान्याला पाईप जोडून बाप-लेक दोघे लटकले तरी हलेना. मग त्यावर डिझेल ओतलं, हातोडीने ठोकलं, म्हाताऱ्याने त्याला टेम्पोवाल्यांच्या भाषेत काही सांगितलं, आणि तो सुटला. मग खालचा भाग सावकाश खाली घेतला आणि जुन्या स्प्रिंगा हाताने बाहेर आल्या. एक तर मधोमध तुटलेली निघाली. म्हातारा ती घेऊन माझ्यासमोर आला आणि कौतुकाने म्हणाला, “बघ. तू हिच्यावर बसायचीस.”

मी म्हटलं, मीच तोडली असं सांगताय का? तो परत गाडीकडे गेला.

नव्या स्प्रिंगा घट्ट बसल्या. आता शॉकअप. नवे शॉकअप खोक्यातून काढून संतोषने माझ्या हवाली केले होते, बाहेर धूळ नको म्हणून. आणि इथे माझं कर्तृत्व सुरू होतं.

घरात नवी वस्तू आली की तिला हळद-कुंकू लावायचं, हे सगळीकडेच आहे. पण आमच्या घरी बांधलेल्या वस्तूला हळद लावत नाहीत. बैल असो, सूप असो, आधी दोरी सोडायची, मग हळद. माझ्या सासूने लावलेलं वळण. आणि ते दोन्ही शॉकअप प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेले होते. दांडा आत दाबून वरून करकचून पट्टी. मला वाटलं, दुकानदाराने वाटेत हलू नये म्हणून बांधलं असेल. मी ते विळीवर धरले आणि एकामागोमाग एक दोन्ही पट्ट्या कापल्या. मग दोघांना भिंतीशी उभं केलं, हळदीची बोटं ओढली आणि कुंकवाचा करंडा घ्यायला वळले.

माझी सून वैशाली चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी होती. ती म्हणाली, “आई, वर येतंय.”

“दूध का?”

“न्हाय. शॉकअप.”

मी बघितलं. दोन्ही दांडे सावकाश, एका तालात, वर वर येत होते. मी एकाला हाताने दाबलं. तो गेला खाली. हात काढला, पुन्हा वर आला. दुसऱ्याला तर मी हातही लावला नव्हता, तरी तो पूर्ण उंच होऊन उभा राहिला. कपाळाला हळद, कुंकू नाही. मी बाहेर जाऊन सांगितलं की माल खराब आलाय, बदलून आणा.

संतोष आत आला. त्याने शॉकअप बघितले, विळी बघितली, विळीखाली पडलेल्या पट्ट्या बघितल्या.

“आई, हे कुणी कापलं?”

“बांधलेल्याला हळद लावत न्हाईत.”

तो नुसता उंबऱ्यावर बसला. त्याच्या बापाचं हेच बरं असतं, निदान तो ओरडतो. मग संतोषनेच समजावलं, की आत गॅस दाबून भरलेला असतो. पट्टी असते ती बसवून झाल्यावर कापायची. आता दांडा दाबून धरल्याशिवाय शॉकअप जागेवर जाणार नाही.

म्हाताऱ्याच्या टेम्पोचे शॉकअप दाबले की दाबलेलेच राहायचे, कारण ते मेलेले असायचे. त्याला हा प्रकार नवा. त्याने एक शॉकअप गुडघ्याखाली घेऊन दाबला, छातीशी धरला आणि गाडीकडे असा धावला, की लांबून कुणाला वाटावं नातवाला शी लागलीय. चाकापाशी पोचेपर्यंत दांडा बाहेर. परत आला, परत दाबला, परत धावला. गाडी तिथे, हा इथे दाबतोय. तिथे नेऊन खाली वाकून दाबावा, हे सुचायलाच फार वेळ गेला. आणि वाकून दाबला तर बोल्ट लावायला हात उरेना.

तेवढ्यात आतून अन्वरभाईंचा टेम्पो आला. सुताचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, भरलेले, आणि समोर आमची बिनचाकाची गाडी. अन्वरभाई जुने भिवंडीकर. चार पिढ्यांचा धंदा. हॉर्न न वाजवता उतरले.

“अवो काकी, मना आतमंदी गाडून टाकला का काय?”

मी सगळा प्रकार सांगितला. (हळदीचं सोडून.) त्यांनी शॉकअप बघितला आणि विचारलं, “याला हलद का लावली हाय?”

मी म्हटलं, तुमचा टेम्पो बाहेर काढायचाय का गप्पा मारायच्या आहेत?

अन्वरभाईंनी कारखान्यातून सुताची कांडी मागवली. दांडा दाबायचा, सुताचे वेढे द्यायचे, बसवायचा, मग सूत कापायचं. प्रश्न एवढाच, की वेढे होईपर्यंत दाबून धरायचं कुणी? संतोष दाबायला लागला, घसरला. म्हाताऱ्याने दाबला, तोही घसरला. दोघांनी मिळून दाबला तेव्हा वेढे देणाऱ्या अन्वरभाईंना हात घालायला जागा राहिली नाही. शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला कळलं.

मी ओटीवरून उतरले, दांड्यावर एक पाट ठेवायला सांगितला आणि पाटावर टेकले. दांडा एका झटक्यात आत गेला आणि आतच राहिला. अन्वरभाईंनी आरामात वेढे दिले. दुसऱ्या कुणाला हात लावावा लागला नाही. म्हातारा संतोषच्या कानात काहीतरी बोलला. शब्द मला ऐकू आला नाही, पण कुठला असणार ते मी आयुष्यभर ऐकत आले आहे.

पहिला शॉकअप बसला. दुसऱ्याला मी तशीच टेकले, पण या खेपेला वेढे कमी पडले असावेत. म्हातारा गाडीखाली बोल्ट लावत असताना सूत तुटलं आणि दांडा येऊन त्याच्या हनुवटीला लागला. फार लागलं नाही. हळद मात्र सगळी उमटली. नवरीच्या आधी त्याला हळद लागली, आणि ती दोन दिवस गेली नाही.

दुपारचं जेवण राहिलंच. उन्हं कलली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी आमच्या आळीतल्या बायांची बस येऊन थांबली. वैशाली तयार होऊन आली आणि म्हणाली, “आई, चला बसमध्ये. गाडीचं काय खरं न्हाय.” बसमधून बाया हाका मारत होत्या. मी तेव्हा जायला हवं होतं. पण म्हाताऱ्याने हनुवटीला फडकं बांधलेलं, मुलगा डोक्यापासून पायापर्यंत काळा झालेला, आणि गाडीला एक चाक लागलेलंही होतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “तुम्ही व्हा पुढं. मी माझ्या गाडीतनं येते.”

बस गेली.

चाकं लागली. संतोषने ठोकळे काढले, जॅक उतरवला. जॅक खाली आला, गाडी खाली आली नाही. म्हणजे पुढून होती तशीच, पण मागून वर राहिली. नवी सून सासऱ्याच्या पाया पडते तशी पुढे वाकून उभी. मागचं चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये कोंबडी आरामात अंडी घालून बसली असती. संतोष मागच्या बंपरवर उभा राहून उड्या मारून आला. काही फरक नाही.

म्हातारा कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मग म्हणाला, “नवी हाय. बसंल.”

संतोषने स्प्रिंगांचं खोकं उचलून वाचलं आणि बापाकडे बघितलं. “बाबा, हेवी मागितली तुमी?”

“मग काय फालतू मागू?”

भांडायला वेळ नव्हता. अन्वरभाईंनी खुणेनेच आमची गाडी बाजूला घ्यायला सांगितली, ती आम्ही घेतली ती थेट रस्त्यालाच. संतोष चालवायला, म्हातारा त्याच्या शेजारी आणि मागे नेहमीप्रमाणे मी. साडी नवी, गजरा ताजा. दिवेलागणीला अजून अवकाश होता. बेबीच्या आधी मी चटईवर असणार होते.

पहिला खड्डा आला. पूर्वी गाडी खड्ड्यात बसायची. आता खड्डा गाडीला वर फेकायचा. माझं डोकं छताला लागलं आणि गजरा वरच राहिला. म्हातारा मागे न बघता म्हणाला, “आवाज आला का? न्हाय आला. याला काम म्हनतात.”

खरंच, ‘खण्ण’ असा आवाज आला नव्हता. आलेला आवाज माझ्या डोक्याचा होता.

कंटेनरच्या मागे मागे आम्ही चाललो. मला गळ्याची काळजी. दिवसभर सूचना देऊन आवाज बसला होता. मी विचार केला, जाता जाता गळा मोकळा करून घ्यावा. म्हणून पहिली ओळ म्हणायला घेतली, “नवरी माझी बसली चौकात.” ‘नवरी’मधल्या ‘री’ला जीभ वर गेली आणि त्याच वेळी गाडी खाली आली.

गाण्यासाठी तोंड उघडलेल्या माणसाने हेवी स्प्रिंगांवर बसू नये. जीभ अशी चावली गेली, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. रुमाल लाल झाला. संतोषने घाबरून विचारलं, आई, काय झालं? मी सांगायला गेले तर जीभ तोंडात मावेना. म्हातारा या वेळी मागे वळला. माझ्याकडे नीट बघितलं, आणि पहिल्यांदाच खड्डा बारका होता असं म्हणाला नाही.

“मागं वजन न्हाय,” तो संतोषला म्हणाला. “एवढी एकटी न्हाय पुरत. आजून कोन तरी बसवाया पायजे.”

बोलायला आणि पूर्ण्याचा नाका यायला एकच गाठ पडली. नाक्यावर गोडाऊनकडे जाणाऱ्या गाड्यांच्या गर्दीत, हिरव्या नऊवारीत, नाकात नथ घालून बेबी उभी होती. तिला घ्यायला आलेली बस तिच्या आवरण्याची वाट बघून निघून गेली होती, आणि रिक्षावाला कुणी थांबत नव्हता. बेबी माझ्याहून भरलेली आहे. बरीच.

म्हातारा खिडकीतून बोट दाखवून म्हणाला, “ती बग. हेवी.”

मी विचार केला. आता हिला इथेच सोडलं तर ही दिवेलागणीच्या आत पोचत नाही. मी संतोषला ओरडून सांगितलं, “थांबू नको.” पण माझ्या तोंडातून ‘थांबू’ एवढंच नीट बाहेर आलं. पुढचं रुमालात गेलं. आईचं ऐकणारा मुलगा, त्याने लगेच गाडी थांबवली.

बेबी दार उघडून शेजारी बसली. गाडीचं बूड हळूहळू, समाधानाने खाली आलं. पुढचा रस्ता कसा गेला मला कळलंही नाही. खड्डे आले, गाडी त्यांवरून तेल लावल्यासारखी गेली. बेबी म्हणाली, “जाऊबाय, गाडी काय मऊ झालीय गो तुमची.”

म्हातारा पुढून म्हणाला, “हेवी हाय.”

तिला वाटलं गाडीबद्दल बोलतोय. मग तिचं लक्ष माझ्या रुमालाकडे गेलं. तिने विचारलं, मी तोंड उघडून दाखवलं. तिने जीभ बघितली, ‘अगो बाय’ म्हणाली आणि पदर सावरून बाहेर बघायला लागली. थोड्या वेळाने तिने पिशवीतून मोबाइल काढला, चार्जिंग किती आहे ते बघितलं आणि परत ठेवला.   माझी चटई घेणारीला मीच माझ्या गाडीतून, माझ्या शेजारी बसवून नेत होते.

पोचलो तेव्हा दिवे लागत होते. डीजेवाल्याला थांबवलं होतं. पूजा पाटावर बसलेली, हळदीची वाटी समोर, बाया गोल करून बसलेल्या, आणि मध्ये चटई रिकामी. शैला धावत आली. “आई, कवाची वाट बगतोय. बस लवकर.”

मी रुमाल दाखवला. बेबीने शैलाला बाजूला घेऊन सांगितलं. शैलाच्या सासूने लांबूनच अंदाज घेतला आणि बेबीला म्हणाली, “मग तुमी बसा. थांबून चालनार न्हाय.”

बेबी चटईकडे निघाली. मी तिच्या आधी जाऊन बसले. कशी गेले ते मला माहीत नाही. गुडघेही मध्ये आले नाहीत. पूजाने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं.

“नवली माझी बसली चौकात.”

 ‘र’ काही केल्या निघेना. जिभेचं टोकच जागेवर नव्हतं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. शैलाच्या सासूच्या भुवया वर गेल्या. माझ्या लगेच शेजारी बेबी बसलेली. ओळ आधी तिने उचलायची, मग बाकीच्यांनी. ती नुसती हसली असती तरी माझं संपलं होतं.

बेबीने डोळे मिटले आणि तिच्या त्या गोड आवाजात, मोठ्याने, ओळ उचलली.

“नवली माझी बसली चौकात...”

मग काय, सगळ्या बायांनी उचलली. मी पुढच्या कडव्यात ‘हिलवा चुडा’ म्हटलं, त्यांनी हिलवा चुडा म्हटलं. धवलारीण म्हणेल ते बरोबर. पूजाला हळद लागली आणि सगळं रीतसर पार पडलं. नंतर पूजाच्या एका मैत्रिणीने (तिने सगळं मोबाइलवर घेतलं होतं, ते पुढे गावोगाव फिरलं) विचारलं, नवली म्हणजे काय? मी उत्तर शोधत होते, तोवर बेबीच म्हणाली, “नवली म्हंजे नवलाची पोर. लय जुना शब्द हाय.”

परत येताना गाडीत मी तिला हळूच विचारलं, का गं उचललीस? ती म्हणाली, “परत जायाला गाडी कुटं होती मना?”

म्हाताऱ्याच्या मते स्प्रिंगा अजून बसायच्या आहेत. त्या बसेपर्यंत आम्ही कुठेही निघालो की पूर्ण्यावरून बेबीला घेतो. चटईवरही ती शेजारी असते, कारण एकीला सोडून एकीला आणणं गाडीला परवडत नाही.

जीभ आठवड्याभरात बरी झाली. मागच्या महिन्यात एका लग्नात मी चटईवर बसले आणि मोकळ्या गळ्याने, स्वच्छ ‘र’ लावून म्हटलं, “नवरी माझी बसली चौकात.” कुणी ओळ उचलली नाही. समोर बसलेल्या करवलीने मोबाइलमध्ये बघितलं आणि अगदी आदराने, हळू आवाजात मला म्हणाली, “आजी, चुकलात. तिथं नवली हाय.”

मी बेबीकडे बघितलं. ती छताकडे बघत होती. मग मी घसा साफ केला आणि नवली म्हटलं.